पाणी फिकं उतरलं

साप्पोरो, २० जून १९७६

ताई,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याची विचारपूस करायची आपली रीत आहे. पण त्या ओळी न वाचता तू पुढे जातेस हे मला ठाऊक आहे, म्हणून थेट कामाचं लिहितो. मला रक्त हवंय.

तुझं नको, घाबरू नकोस. तुझ्या हातावर जन्मणाऱ्या बाळांचं हवंय, टाचेतले चार थेंब फक्त. मी प्रयोगशाळेत नक्की काय करतो असं तू दर नव्या वर्षाला विचारतेस आणि दर वेळी जेवण येतं आणि राहून जातं. आता सांगतो. आपल्या गळ्यात एक लहानशी ग्रंथी असते. काही बाळांत ती जन्मतःच नसते, किंवा असून ढिम्म असते. बाळ दिसायला धडधाकट असतं, कुणाला काही कळत नाही. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत औषध सुरू झालं नाही तर त्याची बुद्धी खुंटते, ती कायमची. औषध म्हणजे रोज एक बारीक गोळी, बस. रोग कळला तर उपाय हातात आहे. सगळं घोडं अडतं ते वेळेत कळण्यापाशी.

गळ्यातली ग्रंथी काम करेना, की मेंदूखालची दुसरी ग्रंथी तिला हाका मारत सुटते. त्या हाका रक्तात सापडतात. जितक्या हाका जास्त, तितकी गळ्यातली ग्रंथी निकामी. या हाका मोजायच्या, हे आमचं काम. त्या असतात किती? पिंपभर पाण्यात मिठाचा एक कण टाकलास तर जिभेला कळेल का? आम्हाला कळावं लागतं, आणि तेही कागदावर वाळलेल्या रक्ताच्या टिकलीतून. त्यासाठी आम्ही चौदा ससे पाळलेत. त्यांच्या रक्तातून काढलेलं द्रव्य या हाकांना तेवढं बरोबर चिकटतं.

शहरातल्या दवाखान्यांचे कागद आमच्याकडे येतात. पण आमच्या सरांना पाहायचंय, की दूरच्या बेटावरून टपालाने आलेला कागदही चालतो का. तो चालला तरच ही पद्धत सगळ्यांच्या कामाची. मी म्हटलं, माझी बहीण सुईण आहे, आणि तिच्याहून दूर तर समुद्रच आहे.

सोबत कोरे कागद पाठवतोय. पाचव्या दिवशी टाचेला टोच, थेंब कागदाच्या मागच्या बाजूला उतरेपर्यंत शोषू दे. मग नीट वाळव, ओला कागद पाकिटात गेला तर बुरशी येते. कोंबूच्या शेवाळाच्या पट्ट्या समुद्रातून काढून वाळवण्यात जिचा जन्म गेला, तिला वाळवण्याबद्दल मी काय शिकवणार!

तुझा,
तोमेकिची

*

बेटावरून, १४ जुलै

तोमे,

शिकून मोठा झालास, पण पत्र लिहितोस ते पिशाच्चासारखं. "मला रक्त हवंय!" इत्सुकोने ते जेवताना मोठ्याने वाचलं आणि जावई हातातला वाडगा खाली ठेवून माझ्याकडे बघत बसला. त्याला वाटलं, या घराण्यातली मुलगी करून आपण फसलो.

चार कागद पाठवते आहे. तीन मुलगे, एक मुलगी. टाचेला टोचताना बाळांपेक्षा आयाच जास्त रडल्या. एकीची सासू म्हणाली, "शिगेबाई, कोंबू खाणाऱ्यांच्या गळ्याला कधी रोग झालाय का?" मी म्हटलं, माझा भाऊ म्हणतो म्हणून घेते, तो शहाणा आहे. आता खरं सांगते, मलाही तिचंच पटतं. आपल्याकडे गळ्याचं दुखणं आलंय कधी? पण तुझ्या सशांनाही काम हवं ना.

इथे नऊ दिवस धुकं. कोंबू काढायचे दिवस आणि उन्हाचा पत्ता नाही. इत्सुकोला नववा लागलाय. पोट एवढं, की जावई तिला होडीजवळ येऊ देत नाही. होडी कलंडेल म्हणतो. बाळंतपण मीच करणार.

वाळवायची काळजी करू नकोस. या घरातून दुय्यम प्रतीचा माल आजवर बाहेर गेलेला नाही.

ताई

*

साप्पोरो, ५ ऑगस्ट

ताई,

तुझे चारही कागद मोजले. आकडे इतके खाली, इतके स्वच्छ, की सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. गेल्या सहा वर्षांत त्यांनी मारलेली ही दुसरी. शहरातल्या कागदांचे आकडे वरखाली उड्या मारतात, तुझ्या बेटावरची पोरं मात्र एका रांगेत शहाण्यासारखी बसली आहेत. सर शरद ऋतूतल्या सभेत ते दाखवणार आहेत: टपालाने आलेला कागदही उत्तम चालतो.

एक गंमत. कागदाची टिकली द्रवात भिजवून ठेवली, की रक्त उतरून पाणी कडक चहासारखं लाल होतं. तुझ्या कागदांचं पाणी मात्र फिकं उतरतं, गवताच्या काडीच्या रंगाचं. बेटावरच्या बायका खातात काय? त्यांना जरा माशाचं काळीज खायला घाल.

आणखी कागद पाठव. इत्सुकोला म्हणावं, होडीपासून दूर राहा.

तोमे

*

बेटावरून, २७ ऑगस्ट

तोमे,

तू आजोबा झालास. मी आजी झाले, म्हणजे तूही सुटत नाहीस.

एकोणिसाला मुलगी झाली. बारा दिवस उशिरा आली, पण आली ती चांगली गुबगुबीत. आठशेच्या वर बाळंतपणं या हातांनी केली, पण पोटच्या पोरीचं करताना नाळेची गाठ दोनदा बांधावी लागली. कुणाला सांगू नकोस. पोरगी रडली, पण अगदी थोडं, कुणाला उगीच त्रास नको म्हणून रडल्यासारखं. नाव नागिसा ठेवलंय. किनाऱ्यावर राहायचं आणि पोरीचं नावही किनाराच, दुसरं काही सुचलं नाही का, असं मी विचारलं. जावई म्हणाला, "आई, मला दुसरं काही येत नाही."

अंगावर अजून पिवळेपणा आहे. हटेल. पाचव्या दिवशी तिच्या टाचेतून रक्त घेतलं, बाकी सहा बाळांच्या कागदांबरोबर तिचाही कागद आहे. कोपऱ्यात मी बारीकशी लाट काढली आहे. आठवडाभर पाऊस धरून आहे, आमचा सगळा माल आतच वाळतोय. पण कागद बघ, कसे खडखडीत आहेत.

हिचं तू स्वतः कर. सशांवर सोडू नकोस.

ताई

*

साप्पोरो, १६ सप्टेंबर

ताई, इत्सुको, आणि लाटवाल्या बाई,

नागिसाचा कागद मी स्वतः मोजला. एकदा मोजून मन भरेना म्हणून दुसऱ्यांदा मोजला. दोन्ही वेळा आकडा खाली, बाकीच्या सहांसारखाच. निश्चिंत राहा. पाणी हिचंही फिकंच उतरलं, घराण्याचा दोष.

अंगडं पाठवलंय. मोठं होईल, पण पोरं वाढतात असं ऐकून आहे.

तोमेमामा, की आता तोमेआजोबा?

*

बेटावरून, १४ नोव्हेंबर

तोमे,

अंगडं अजून मोठंच होतंय.

समुद्र तापट झालाय. बोट आज येईल म्हणतात, म्हणून घाईने लिहिते. नागिसा इतकी शहाणी, की शेजारणी मुद्दाम बघायला येतात. रडणं नाही, रात्रीचं उठणं नाही. झोपली की झोपली. पाजायला गालावर टिचकी मारून उठवावं लागतं. "असं गुणी मूल आम्हाला का नाही?" असं सगळ्या म्हणतात. इत्सुको आधी हसायची. आता हसत नाही. परवा मला म्हणाली, "आई, ही माझ्याकडे बघतच नाही गं."

मी आठशे मुलं पाहिली आहेत, तोमे. हात थंडगार, बेंबी फुगलेली, चार-चार दिवस पोट साफ नाही, जीभ सारखी ओठांवर. महिन्यातून एकदा पलीकडून डॉक्टर येतात, त्यांना दाखवली. मी म्हटलं, हिचं रक्त साप्पोरोत तपासलंय, माझ्या भावाने, दोनदा. ते म्हणाले, मग काय, उगीच काळजी करता. मीही गप्प बसले. तुझ्या आकड्यापुढे सुईणीच्या डोळ्यांना कोण विचारतो? पण मनातून जात नाही. तू पुन्हा एकदा सांग, म्हणजे मी इत्सुकोला ठामपणे सांगीन.

कागदांवर तर शंका घ्यायला जागा नाही. एकालाही बुरशी लागली नसेल. धुक्या-पावसाच्या दिवसांत कोंबू वाळवायच्या खोलीत, शेगडीच्या वर, पहिल्या प्रतीच्या पट्ट्यांच्या रांगेतच टांगले होते मी. तासाभरात खडखडीत.

ताई

*

बेटावरून, २६ नोव्हेंबर

तोमे,

तुझा फोन येऊन आज सात दिवस झाले. मच्छीमार सोसायटीतला माणूस धावत आला, मी पायात भलतेच बूट घालून धावले. तू माझी विचारपूसही केली नाहीस. एवढंच विचारलंस, "शेगडीच्या किती वर?" मी म्हटलं, हातभर. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तू म्हणालास, "ताई, मिळेल त्या बोटीने तिला घेऊन ये."

मिळेल ती बोट कुठली? सोळा तारखेपासून बोट नाही. रोज सकाळी मी, इत्सुको आणि जावई बंदरावर जातो. फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं: आज नाही. तोच खडू, तोच माणूस. आता तो आमच्याकडे न बघता लिहितो. जावई म्हणाला, मी माझ्या होडीने नेतो. काल त्याला दोघांनी धरून ठेवलं, नाहीतर गेला असता, आणि आज मी एकीऐवजी तिघांसाठी रडत बसले असते. गावातल्या दवाखान्यात ती गोळी नाही. ती पलीकडे आहे. येईल तर बोटीनेच.

बारीक गोळी, असं तू जूनमध्ये लिहिलं होतंस. ते पत्र काढून पुन्हा वाचलं. दोन-तीन महिने, असंही लिहिलं होतंस. ज्या दिवशी तुझा फोन आला, त्याच दिवशी तिला तीन महिने पुरे झाले.

आज तिचे शंभर दिवस. शंभराव्या दिवशी बाळाला पहिला घास भरवायचा, म्हणून लाल भात केला, अख्खा मासा भाजला, दात बळकट व्हावेत म्हणून देवळाच्या आवारातला खडा धुऊन ताटात ठेवला. करावं की करू नये, कळेना. इत्सुको म्हणाली, "कर आई. नाही केलं तर आपण मानलंच असं होईल." ओठाला भात लावला. बाकीची पोरं तोंड वाकडं करतात, थुंकतात, चाटतात. हिने काहीच केलं नाही. भाताचं शीत ओठावर तसंच राहिलं. शेवटी मी ते बोटाने पुसलं.

हे पत्र आणि नागिसा एकाच बोटीने येतील. तू कदाचित तिला आधी बघशील आणि हे नंतर वाचशील. तरी लिहिते, कारण तुझ्या तोंडावर मला बोलता येणार नाही. मी घरातून दुय्यम माल बाहेर जाऊ देत नाही, असं मिरवत होते. माझ्याच हाताने मी तिचं रक्त भाजलं.

ताई

२९ तारीख. भोंगा झाला. इत्सुको आणि नागिसा बोटीत चढल्या आहेत. इथल्या बाळंतपण केंद्रात दोघीजणी बाळंत व्हायच्या आहेत, म्हणून मी इथेच. पत्र इत्सुकोच्या हातात देते आहे.

*

साप्पोरो, १३ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र इत्सुकोने दवाखान्याच्या जिन्यात माझ्या हातात दिलं. मी ते तिथेच उभ्याउभ्या वाचलं.

आधी तिचं सांगतो. पोहोचल्या दिवशीच रक्त घेतलं आणि निकालाची वाट न बघता गोळी सुरू केली, दुधात चुरून. रक्तातल्या हाकांचा आकडा आमच्या मोजपट्टीच्या बाहेर गेला. द्रव पातळ करून पुन्हा मोजावा लागला. हे पोर शंभर दिवस आतून ओरडत होतं आणि मी तिच्या आईला लिहिलं होतं, निश्चिंत राहा.

मग मी एक केलं. तिच्याच रक्ताचे दोन कागद केले. एक सावलीत ठेवला. दुसरा शेगडीवर हातभर उंच टांगला, तासभर. सावलीतल्याचं पाणी लाल उतरलं आणि आकडा तोच, भयानक. शेगडीवरच्याचं पाणी उतरलं फिकं, गवताच्या काडीच्या रंगाचं. आकडा आला तो सप्टेंबरचाच, तोच सुंदर आकडा. जास्त उष्णतेने रक्त कागदातच घट्ट बसतं, पाण्यात उतरत नाही. आम्ही रिकामं पाणी मोजत होतो.

आता माझं ऐक. शेगडी तुझी होती, पण फिकं पाणी मी पाहिलं होतं. चार वेळा पाहिलं, मग सात वेळा पाहिलं, नागिसाचं तर दोनदा. दर वेळी मनात टोचलं, आणि दर वेळी त्यावर विनोद केला. आकडे चांगले होते, ताई. सर खूश होते. वाईट आकडे आले असते तर मी त्याच दिवशी विचारलं असतं, कागद वाळवलेस कसे. चांगल्या आकड्याला कोण विचारतं? आणि वाळव म्हणून लिहिलं, पण कसं ते लिहिलं नाही. तुला काय शिकवणार म्हणून हसलो.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी सभेत दाखवलेले बेटाचे आकडे मागे घेतले. आता कागदाच्या पाठीवर एक ओळ छापणार आहेत: सावलीत, उष्णतेपासून दूर वाळवा. एवढीच ओळ. आणि पाणी फिकं उतरलं तर तो कागद मोजायचाच नाही, परत मागवायचा.

बाकीच्या दहा बाळांचे कागद पुन्हा घे. लगेच.

नागिसाची बुद्धी कितपत वाचली, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, शाळेत जाईल तेव्हा कळेल. मी आयुष्यभर बारीकातलं बारीक मोजायला शिकलो, आणि हे एक मला मोजता येत नाही.

नवव्या दिवशी सकाळी ती दुधासाठी रडली. खरंखुरं, लाल होऊन, पाय झाडत. परिचारिका गप्प करायला धावली तर इत्सुकोने तिला हाताने अडवलं. म्हणाली, "रडू द्या. थोडा वेळ रडू द्या."

तोमेकिची

*

बेटावरून, २८ डिसेंबर

तोमे,

दहा कागद पाठवते. सावलीत, देवघराच्या फळीवर वाळवले, खिडकी उघडून. त्या दिवसांत घरात शेगडी पेटवली नाही, जावई अंगावर दोन रजया घेऊन बसला होता.

तुझं पत्र वाचलं. आपलेच दात, आपलेच ओठ. तू मला शिव्या देत नाहीस, मी तुला देत नाही, आणि त्याने दोघांपैकी कुणालाच बरं वाटत नाही.

ताई

*

साप्पोरो, १९ जानेवारी १९७७

ताई,

दहाही ठीक. पाणी लाल.

तोमे

*

बेटावरून, २२ ऑगस्ट १९८४

तोमे,

आता बायका बाळंतपणाला पलीकडे जातात, माझ्या हातांना काम राहिलेलं नाही. पण गेल्या आठवड्यात समुद्र खवळला आणि शेजारच्या सुनेने बोटीची वाट बघितली नाही. मुलगा झाला. पाचव्या दिवशी टाच मीच टोचली, आरोग्यसेविकेने सुई माझ्याकडे दिली. कागद सोबत आहे.

एकोणिसाला नागिसा आठ वर्षांची झाली. तू विचारत नाहीस, आणि का विचारत नाहीस ते मला कळतं. म्हणून सांगते. धावते, हसते, बापाबरोबर किनाऱ्यावर कोंबूच्या पट्ट्या पसरते, एकही वाकडी जाऊ देत नाही. गोळी स्वतः मागून घेते. शाळेत दुसरीच्या वर्गात बसते आणि पुस्तक पहिलीचं असतं, तेही हळूहळू. दहापर्यंत मोजते, मग थांबून माझ्याकडे बघते. मास्तर चांगले आहेत. म्हणतात, भांडत नाही, शांत आहे, गुणी आहे. गुणी म्हटलं की इत्सुको उठून आत जाते. या घरात कुणी रडलं तर त्याला गप्प करायचं नाही, असा नियम झालाय. पाहुणे बुचकळ्यात पडतात.

कागद वाळवायचं काम तिचंच आहे. मागे आरोग्यसेविका एक कागद घेऊन आली होती, तेव्हाही नागिसानेच वाळवला. देवघराच्या फळीवर कागद ठेवला, की ती समोर गुडघे मोडून बसते. घड्याळ कळत नाही, म्हणून मी सांगते, बोटीचा भोंगा होईपर्यंत. तीन-साडेतीन तास. मला बसवणार नाही, तुला तर नाहीच. ऊन सरकत फळीकडे आलं, की ती कागद अलगद पलीकडे सरकवते. माशी बसू देत नाही. मध्येच मला विचारते, "आजी, हे बाळ कुणाचं?" मी सांगते. थोड्या वेळाने पुन्हा विचारते. मी पुन्हा सांगते.

यंदा तिने विचारलं, "माझापण कागद होता?" मी म्हटलं, होता. "कुणी वाळवला?" मी म्हटलं, मी. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "छान वाळवला असशील."

तोमे, या कागदाचं पाणी लाल उतरलं की मला नको, तिला दोन ओळी लिही. मोठ्या अक्षरात लिही. बारीक अक्षरं तिला अजून वाचता येत नाहीत.

ताई